रेस्टॉरंट वीकला ग्रुपने जेवायला जायचंय? गोव्यात ही कामं या क्रमाने करा

रेस्टॉरंट वीक, म्हणजे हॉटेलं ठरलेल्या किमतीत सेट मेनू देतात तो आठवडा, जाहीर झाला रे झाला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो तो हॉटेलच्या नावाचा. "इथे जाऊया?" त्यावर आठ-दहा अंगठे येतात, कोणीतरी उत्साहाने टेबल बुक करून टाकतं, आणि मग आदल्या दिवशी कळायला लागतं की एकाचा सोमवार आहे, दोघं पोर्क खात नाहीत, फोंड्याहून येणाऱ्यांना रात्री परत जायला गाडी नाही, आणि बाराशेचं म्हणून ठरवलेलं जेवण माणशी दोन हजारांच्या वर चाललंय. मग दोघं-तिघं गळतात, भरलेला अॅडव्हान्स जातो आणि ज्याने बिचाऱ्याने बुकिंग केलं तोच सगळ्यांच्या नजरेत वाईट ठरतो.

एरवी आपण हॉटेलात जाऊन बसल्यावरच सगळं ठरवतो ना, कोणाला काय हवंय, किती मागवायचं, कोण बिअर घेणार, कोणाला लवकर निघायचंय. रेस्टॉरंट वीकमध्ये मेनू, किंमत आणि बसायची वेळ हे तिन्ही आधीच बांधलेलं असतं, टेबलावर ठरवायला फारसं काही उरत नाही. म्हणून जे काय ठरवायचं ते बुकिंगच्या आधी, आणि हॉटेलचं नाव सगळ्यात शेवटी.

पायरी १: आधी माणसं, मग हॉटेल

ग्रुपवर हॉटेलचं नाव टाकायच्या आधी हा मेसेज टाका, असाच कॉपी केला तरी चालेल:

"रेस्टॉरंट वीकला जायचंय. प्रत्येकाने उत्तर द्या. कुठले वार चालतील, दुपार की रात्र? शिवराक (शाकाहारी) की नुस्त्यां-मटणाचं (मासे-मटणाचं)? अंडं चालतं का? पोर्क, बीफ चालतं का? सुंगटं-कुर्ल्यांची (कोळंबी-खेकड्यांची) अॅलर्जी आहे का? पिणार का? गाडी आणणार का, की कोणासोबत येणार?"

पैशाचा प्रश्न मात्र या मेसेजमध्ये टाकू नका. तो प्रत्येकाला वेगळा विचारा. ग्रुपवर कोणीच म्हणत नाही की मला हजाराच्या वर परवडत नाही, सगळे "चालेल चालेल" म्हणतात आणि मग ज्याला परवडत नाही तो त्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून येत नाही. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सगळ्यात कमी आकडा ज्याचा येईल तो ग्रुपचा आकडा, आणि तो कोणाचा होता हे कोणाला सांगायचं नाही.

"मला काहीही चालतं" हे उत्तर मान्य करू नका. काहीही चालणारी माणसंच टेबलावर बसल्यावर विचारतात की यात बीफ आहे का.

हलाल पाहिजे असणारं कोणी असेल तर तेही आत्ताच विचारून घ्या, हॉटेलला फोन करताना लागणार आहे.

किती जण? सहा ते आठ ठीक. त्याच्या वर गेलात की बऱ्याच ठिकाणी लांबलचक टेबल जोडून देतात, एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाला ऐकू येत नाही आणि किचनमधून सगळ्यांचं जेवण एकदम येत नाही. बारा जण असाल तर सरळ सहा-सहाची दोन टेबलं शेजारी शेजारी मागा.

तपासा: प्रत्येकाचं उत्तर आलंय का? ज्याचं उत्तर नाही त्याला फोन करा. तरी नाहीच आलं तर त्याला मोजू नका, पण तसं त्याला सांगा.

पायरी २: वार आणि वेळ

शुक्रवार-शनिवारची रात्र सगळ्यांनाच हवी असते, म्हणजे सगळ्यात गर्दी, सगळ्यात घाईची सर्व्हिस आणि पणजीत असाल तर कॅसिनोच्या गाड्यांमध्ये पार्किंग शोधत फिरणं. जमत असेल तर मंगळवार किंवा बुधवार घ्या.

सोमवार आपल्याकडे बऱ्याच घरांत शिवराक. काहींचा गुरुवारही असतो, काहींची संकष्टी-एकादशी. ज्याचा वार आहे तो "मी तुमच्यासोबत बसेन, तुम्ही खा" म्हणतो, पण सेट मेनूत तेच पैसे भरून तो पनीर खात बसणार, हे बरं नाही. कॅलेंडर उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. श्रावणात रेस्टॉरंट वीक आला तर अर्धा ग्रुप तसाही शिवराक असतो, तेव्हा मेनूच त्या हिशोबाने शोधायचा. चवथीच्या आसपासचे दिवस तर सोडूनच द्या, लोक गावी गेलेले असतात.

मासे खायला जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरला मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत मेनूवर इसवण (सुरमई)-पापलेट दिसलं तर ते बर्फातलं असण्याची शक्यता जास्त, "आज ताजं काय आहे" हे विचारूनच जा. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅकही उतरवलेले असतात, त्यामुळे "त्या शॅकवर जाऊ" हा बेत तेव्हा चालत नाही.

दुपार की रात्र? मी दुपारच्या बाजूने. दुपारचा सेट मेनू बऱ्याच ठिकाणी स्वस्त असतो, पिणं कमी होतं, उजेडात घरी पोचता येतं. फक्त आपल्याकडे दुपारी तीनच्या सुमारास किचन बंद होतं आणि मग एकदम सातच्या पुढे उघडतं, अडीचला पोचून "अजून अर्धा तास आहे की" असं म्हणून चालत नाही. एक वाजता टेबलावर बसलेलं असायला हवं. आणि हॉटेलला आठवड्याची सुट्टी कधी असते तेही बघा, प्रत्येकाची वेगळी.

पायरी ३: मेनू वाचा, फोटो बघू नका

तीन हॉटेलं निवडा, जास्त नको. तिघांकडून पूर्ण सेट मेनू मागवा. इन्स्टावरच्या पोस्टमध्ये चार पदार्थांचे फोटो असतात, पूर्ण मेनू बहुतेक वेळा वेगळ्या फाइलमध्ये असतो किंवा फोन करून व्हॉट्सअॅपवर मागावा लागतो. तो हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मेनू आला की हे बघायचं.

"एनी वन" आहे की सगळं मिळणार? "स्टार्टरमध्ये एनी वन" असेल तर माणशी एकच. पाच नावं दिसली म्हणून पाचही टेबलावर येणार नाहीत. पण सहा जण असाल तर सहा वेगळी मागवून वाटून खाता येतात, वाटून खायला हॉटेलची हरकत नाही ना एवढं विचारा.

पूर्ण टेबलाने सेट मेनूच घ्यायचा अशी अट आहे का? काही ठिकाणी असते. म्हणजे जो कमी खातो त्याला "मी नुसतं सूप घेतो" म्हणता येत नाही. लहान मुलं सोबत असतील तर त्यांचं काय, हेही विचारा.

एखाद्या पदार्थापुढे बारीक अक्षरात अधिक २०० किंवा अधिक ३५० असं काही आहे का? सुंगटं, कुर्ल्या, इसवण यांच्यापुढे हे हमखास असतं. जाहिरातीतली किंमत चिकनची असते आणि आपल्या डोळ्यापुढे मात्र सुंगटं असतात.

करीसोबत भात किंवा पोई (गोव्याचा पाव) आहे का? हे कोणी बघत नाही. मेनकोर्समध्ये "चिकन शाकुती" एवढंच लिहिलेलं असेल तर पोईचे पैसे वेगळे लागू शकतात. सहा जणांच्या दोन-दोन पोई म्हणजे बिलात एक ओळ वाढली.

आता खरा घोटाळा होतो तो पदार्थांच्या नावांत. गोव्यातल्या बऱ्याच मेनूंवर नाव एवढंच असतं, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, आणि बाहेरून आलेल्या मित्राला तर सोडाच पण फोंडा-डिचोलीकडच्या आपल्या माणसांनाही ख्रिश्चन घरांतले सगळे पदार्थ माहीत असतात असं नाही. हे पाठ करून ठेवा:

क्रोकेट म्हणजे बहुतेक वेळा बीफ. फक्त "गोवन क्रोकेट" लिहिलं असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

रिसोलमध्ये बहुतेक सुंगटं असतात.

फेजोआद दिसायला राजम्यासारखं, पण त्यात पोर्कचे चोरीस (सॉसेज) असतात. शिवराक मित्र यात हटकून फसतात.

काल्दो वेर्द हे पालेभाजी-बटाट्याचं सूप, वर चोरीसचा तुकडा असू शकतो. गोवन पुलावचंही तसंच.

विंदालू मुळात पोर्कचं, चिकनचं असेल तर तसं लिहितात. सोरपोतेल पोर्कचं, आत काळीज वगैरे असतं. हे दोन्ही न सांगता कोणाच्या ताटात वाढू नका.

बालचाव आणि किसमूर यांत सुकी सुंगटं येतात. सुंगटांची अॅलर्जी असलेल्या माणसाला पोर्क बालचावही चालेल असं धरू नका, मसाल्यातच असू शकतात. तसंच रवा फ्रायचं तेल. त्याच तेलात माणक्यो (स्क्विड) आणि सुंगटं तळलेली असतात.

काफ्रेलच्या मसाल्यात काही किचनमध्ये रम घालतात. अजिबात न पिणाऱ्या माणसाला हे आधी कळलेलं बरं.

बेबिंकामध्ये अंड्याचं पिवळं भरपूर असतं. सेट मेनूत गोड म्हणून बेबिंका एकच पर्याय असेल तर अंडं न खाणाऱ्याला काय देणार, विचारा. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गुळाचं, ते त्यांना चालतं. सेरादुरामध्ये क्रीम आणि बिस्किटाचा चुरा, तिथे बहुतेक अंडं नसतं पण विचारून घ्या.

शिवराक माणसासाठी मेनूत किती पदार्थ आहेत ते मोजा. स्टार्टर, मेन, गोड प्रत्येकात निदान दोन पाहिजेत. एकच "पनीर चिली" आणि एकच "मिक्स व्हेज" असेल तर ते हॉटेल या ग्रुपसाठी नाही, कितीही नाव असलं तरी. मशरूम शाकुती, खतखतं, तोणाक, मुगागाठी असलं काही दिसलं की समजायचं किचनने विचार केलाय.

सावधान: जे हॉटेल पूर्ण मेनू पाठवायला टाळाटाळ करतं ते यादीतून काढा.

पायरी ४: खरा आकडा काढा

जाहिरातीत "१,२०० अधिक टॅक्स" असतं आणि आपण १,२०० धरून चालतो. एक हिशोब करून बघू. सहा जण, १,२०० चा सेट मेनू, म्हणजे ७,२००. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, म्हणजे बिलावर सीजीएसटी १८० आणि एसजीएसटी १८०, एकूण ७,५६०, माणशी १,२६०. पण तेच रेस्टॉरंट मोठ्या हॉटेलात असेल, ज्याच्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर आहे, तर जीएसटी १८ टक्के. तेच जेवण ८,४९६, माणशी १,४१६. दोन हॉटेलांची जाहिरातीतली किंमत सारखी दिसली तरी हातातली वेगळी असते ती अशी.

यात अजून पाण्याच्या बाटल्या, वाढीव पोई, पेयं धरलेली नाहीत. दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट लागतो, आणि ती ओळ वेगळी येते. पिणाऱ्यांचा अंदाज वेगळा काढा.

मग तुलना करा. त्या हॉटेलच्या नेहमीच्या मेनूतून तेच स्टार्टर, तेच मेन, तेच गोड घेतलं तर किती होतं? फरक शंभर-दीडशेचाच असेल तर रेस्टॉरंट वीक सोडून पुढच्या आठवड्यात निवांत जा, हवं ते मागवा, वाटून खा. माझ्या मते सेट मेनू तिथेच घ्यावा जिथे एरवी जायला आपला हात आखडतो. ज्या हॉटेलात आपण महिन्यातून एकदा शीतकडीची (भात-कालवणाची) थाळी खातो तिथे त्याच आठवड्यात सेट मेनू घेऊन काही साधत नाही.

तपासा: आलेला आकडा पहिल्या पायरीतल्या सगळ्यात कमी बजेटमध्ये बसतोय का? नसेल तर हॉटेल बदला. मित्राला "थोडं अॅडजस्ट कर" म्हणू नका.

पायरी ५: बुकिंग

आता हॉटेलचं नाव ग्रुपवर टाका, आणि एकच नाव टाका. तीन नावं टाकून मतदान घेतलंत की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बुकिंग एकानेच करायचं. दोघांनी वेगवेगळं केलं तर दोन टेबलं ब्लॉक होतात आणि हॉटेलवाले वैतागतात. अॅपवरून केलं तरी नंतर हॉटेलला फोन करा, कारण अॅपमध्ये "स्पेशल रिक्वेस्ट" म्हणून लिहिलेलं किचनपर्यंत पोचतंच असं नाही. फोन दुपारी चार-पाचच्या सुमारास करा, जेवणाच्या वेळेत तिकडे कोणाला बोलायला सवड नसते.

फोनवर एवढं विचारायचं: टेबल किती वेळासाठी आहे, कारण या आठवड्यात रात्री दोन बॅच चालवतात, साडेसातचं टेबल साडेनऊला सोडावं लागतं आणि साडेनऊच्या बॅचला लास्ट ऑर्डर लवकर असते. उशीर झाला तर टेबल किती वेळ धरून ठेवता? एखादा माणूस कमी झाला तर त्याचे पैसे लागतात का, आणि कधीपर्यंत सांगितलं तर लागत नाहीत? शिवराक किती, अॅलर्जी कोणाला, हलाल आहे का. बाहेर बसायची जागा असेल तर पाऊस आल्यावर आत जागा देणार का. शेवटी फोन उचलणाऱ्याचं नाव विचारून लिहून ठेवा.

अॅडव्हान्स मागितला तर तो बुकिंग करणाऱ्याने एकट्याने भरू नये. आधी प्रत्येकाकडून यूपीआयने मागा, आले तेवढ्यांचीच सीट बुक करा. हे थोडं कडक वाटतं, पण आदल्या रात्री गळणाऱ्यांची संख्या याने एकदम कमी होते.

सावधान: अॅडव्हान्स भरायच्या आधी नंबर हॉटेलचाच आहे ना ते बघा. क्यूआर कोड व्हॉट्सअॅपवर आला तर स्कॅन केल्यावर नाव कोणाचं दिसतं ते वाचा, कोणा व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा आणि हॉटेलला फोन करून विचारा.

सावधान: गोव्यात दारूसाठी वय २१ पूर्ण लागतं. कॉलेजच्या ग्रुपमध्ये कोणी लहान असेल तर "एक बिअर चालते" असं धरून कॉकटेलवालं पॅकेज घेऊ नका, आणि बाकीच्यांनी ओळखपत्र सोबत ठेवा.

पायरी ६: जायचं कसं, त्याआधी परत यायचं कसं

बरेच बेत इथेच फसतात, कारण जाताना सगळे कसेही पोचतात आणि रात्री अकरा वाजता आसगावच्या एखाद्या गल्लीत टॅक्सीच्या नावाने फोन फिरवत उभे राहतात. ओला-उबरच्या भरवशावर गोव्यात राहता येत नाही. गोवा माइल्स अॅप आहे, पण रात्री उशिरा आणि आतल्या गावांत गाडी मिळेलच असं नाही. कदंबाची बस त्या वेळी संपलेली असते. पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) तर दिवसाचे.

म्हणून परतीचं आधी ठरवा. कोण कुठल्या दिशेने जाणार त्याप्रमाणे गट पाडा: फोंडा-डिचोलीकडचे एका गाडीत, मडगावकडचे एका गाडीत, म्हापशाकडचे वेगळे. प्रत्येक गाडीत एक माणूस न पिणारा. "मी एकच घेणार" म्हणणारा न पिणाऱ्यात मोजायचा नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि दंडाचं सोडा, रात्रीच्या आपल्या अरुंद रस्त्यांवर गुरं बसलेली असतात, समोरून भाड्याच्या स्कूटरवाले रस्ता माहीत नसताना येत असतात. भानावर असलेला माणूसच स्टिअरिंगवर हवा.

असा माणूस ग्रुपमध्ये नसेल तर जाता-येता दोन्हीसाठी टॅक्सी आधीच बोला. ड्रायव्हरला परतीची वेळ सांगा, थांबण्याचे किती घेणार ते विचारून घ्या, आणि पैसे ठरले की मेसेजवर लिहून ठेवा. दिवाडी बेटावरचा मित्र असेल तर शेवटची फेरीबोट कितीची ते त्याला विचारूनच टेबलाची वेळ घ्या.

पोचण्याचा वेळही खरा धरा. फोंड्याहून पणजी तीसेक किलोमीटर, मॅपवर पाऊण तास दिसतो, संध्याकाळी तेवढ्यात होत नाही. म्हापशाकडून येणाऱ्यांनी पर्वरीचं ट्रॅफिक धरावं. पणजीतल्या फोंताइन्हसमध्ये जेवण असेल तर गाडी आत घालूच नका, गल्ल्या अरुंद, वन-वे, लोकांच्या दारासमोर गाड्या लागतात आणि रहिवाशांना त्याचा खरंच त्रास होतो. बाहेर लावा आणि चालत जा.

पायरी ७: त्या दिवशी

सकाळी हॉटेलला एक फोन: वेळ, माणसं, शिवराक-अॅलर्जी. ग्रुपवर लोकेशन आणि वेळ पुन्हा टाका. जेवणाची वेळ साडेसात असेल तर ग्रुपला सात सांगा, आपली मंडळी मग साडेसातला पोचतात. दुपारी हलकं खा. मेनूचा फोटो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ८: टेबलावर

बसल्या बसल्या वेटरला सांगा की आम्ही रेस्टॉरंट वीकच्या मेनूवर आहोत. हे न सांगितल्यामुळे नेहमीचं मेनूकार्ड येतं, त्यातून ऑर्डर जाते आणि बिल नेहमीच्या दराने बनतं, मग काउंटरवर वाद. आलेला सेट मेनू फोनमधल्या फोटोशी ताडून बघा. पदार्थ बदलला असेल तर आत्ताच विचारा.

पाणी कुठलं हे पहिल्यांदा विचारलं जातं आणि न बघता बाटल्या उघडल्या जातात. साधं पाणी हवं असेल तर तसं सांगा. हॉटेलात बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावली तरी सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे ते चालतं, त्यामुळे नंतर भांडून उपयोग नाही.

ऑर्डर एकाच माणसाने द्यायची. सहा जण सहा बाजूंनी बोलायला लागले की केओटीवर (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) काहीतरी राहून जातं. आधी शिवराक आणि अॅलर्जीवाल्यांची ऑर्डर द्या, ते कोण हे वेटरला दाखवून, "ह्यांना सुंगटं अजिबात नको, तेलसुद्धा वेगळं" असं. मग बाकीच्यांची. मेनकोर्स स्टार्टरसोबतच सांगून ठेवा, पण "स्टार्टर संपल्यावर आणा" हे म्हणा, नाहीतर बॅच लवकर संपवायच्या नादात सगळं एकदम येतं आणि गरम शाकुती गार होत बसते.

मग येतो तो मासळीचा ट्रे. गोव्यात जेवलेल्या प्रत्येकाला हा ठाऊक आहे. स्टीलच्या ट्रेमध्ये चणक, तांबसो, इसवण, वर लिंबाची फोड, वेटर एक मासा कल्ल्याला धरून उचलून दाखवतो, डोळे चकचकीत, आणि सगळे म्हणतात "हा एक घेऊया ना, रेशाद करून (लाल मसाला भरून)." मेनूकार्डवर त्याच्यापुढे किंमत नसते, "साइझप्रमाणे" एवढंच असतं. हा सेट मेनूच्या बाहेरचा आहे. घ्यायचाच असेल तर ट्रे परत जायच्या आधी विचारा: वजन किती, याचे एकूण किती होतील, टॅक्स धरून की सोडून. आकडा मोठ्याने बोलायला लावा, म्हणजे सगळ्या टेबलाला ऐकू जातो. मग प्रत्येकाकडे बघा. एकाने जरी मान खाली घातली तर ट्रे परत पाठवा. ताज्या माशाची ओळख कल्ल्यावरून, आत लालभडक हवेत आणि वास समुद्राचा हवा. कल्ले तपकिरी दिसले तर आभार मानून राहू द्या.

सेट मेनूत पोट भरतं, हे ट्रे समोर असताना कोणाला आठवत नाही म्हणून लिहिलं.

तपासा: गोड येण्याआधी आतापर्यंत सेट मेनूच्या बाहेरचं काय काय मागवलं ते एकाने फोनवर लिहून घ्यावं. बिल बघताना हीच यादी.

पायरी ९: बिल

बिल आलं की फोटो काढा आणि ओळीने वाचा. माणसं बरोबर मोजलीत का. सेट मेनूची किंमत तीच आहे का. बाहेरच्या गोष्टी आपल्या यादीशी जुळतात का. जीएसटी ५ की १८, आणि तो दारूवर तर लावलेला नाही ना. लहान हॉटेल कंपोझिशनमध्ये (लहान व्यावसायिकांसाठीच्या जीएसटी योजनेत) असेल तर त्याला जीएसटी वेगळा लावताच येत नाही, बिलावर तसं छापलेलं असतं.

सर्व्हिस चार्जची ओळ असेल तर ती आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे ४ जुलै २०२२ चे नियम आहेत आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. शांतपणे मॅनेजरला सांगा की हे काढा, बहुतेक ठिकाणी लगेच काढतात. वेटरवर आवाज चढवू नका, ती ओळ त्याने घातलेली नसते. काढलीच नाही तर बिल ठेवून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. आणि सर्व्हिस चांगली झाली असेल तर टीप रोख, थेट त्या माणसाच्या हातात द्या. या आठवड्यात ती मुलं दोन-दोन बॅच सांभाळत धावत असतात.

पैसे एकाने भरायचे. सहा जणांनी काउंटरवर सहा क्यूआर स्कॅन करायचे म्हणजे मागे रांग लागते. पण वाटणी सरसकट करू नका. सेट मेनू समान, दारू आणि तिचा व्हॅट फक्त पिणाऱ्यांवर, ट्रेमधला मासा ज्यांनी खाल्ला त्यांच्यावर. न पिणारा मित्र बिअरचे पैसे भरून वर गाडीही चालवतो असं आपल्याकडे खूप होतं, आणि तो काही बोलत नाही. हिशोब त्याच रात्री, बिलाच्या फोटोसकट ग्रुपवर टाका, आधी घेतलेला अॅडव्हान्स वजा करून. गाडी काढणाऱ्याचं पेट्रोल आणि पार्किंग त्यातच धरा, तो स्वतःहून मागणार नाही.